ताजमहाल हॉटेलची वाटचाल आणि आपला लोहारा

सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या लोहाऱ्याचे नाव जमशेटजी टाटांच्या चरित्रात येते. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्‌झ यांचा चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे लोहाऱ्याकडच्याही, लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला आणि त्यांना पोलादाचा ध्यास लागला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी चालेना, म्हणून बेत तेव्हा बारगळला. पुढे याच जमशेटजींनी मुंबईत अपोलो बंदरावर हॉटेल बांधायला घेतले.

आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. १९०० मध्ये वैद्य वारले; उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले. विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे अशी तेव्हाची सारी नवलाई तिथे होती. नृत्यदालन तोलणारे लोखंडी खांब पॅरिसहून आणले होते; टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहायला अजून काही वर्षे होती.

इमारत उलटी बांधली गेली म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला, ही मुंबईची लाडकी दंतकथा. खरे तर मूळ प्रवेशद्वार मुद्दाम शहराच्या बाजूला ठेवले होते, म्हणजे जास्तीत जास्त खोल्यांना समुद्र मिळावा. समोरचा गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला तो १९२४ मध्ये. आत मुख्य घुमटाखाली जिना मजल्यामागून मजला चढत जातो. भोवतीच्या सज्जांतून कठड्यावर ओणवे होऊन पाहिले की तळापासून घुमटापर्यंतची सगळी पोकळी एका नजरेत येते.

पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांचे रुग्णालय झाले. १९७३ मध्ये शेजारी टॉवर उभा राहिला. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या वास्तूची मोठी हानी झाली. दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी ती पुन्हा खुली झाली. २०१७ मध्ये तिच्या रूपाला ट्रेडमार्क मिळाला. भारतात एखाद्या इमारतीला असा मान पहिल्यांदाच लाभला.

आपल्याकडून मुंबईला जाणारे गेटवेपाशी उभे राहून ताजचा फोटो काढतातच. तो जरूर काढा, पण एकदा मागच्या रस्त्यानेही फेरी मारा. वैद्यांनी योजलेला दर्शनी भाग तिकडे आहे.