ख्रिस्ती पापविचार आणि अस्पृश्यांचा प्रश्न

पाप कोणी केले हा एक प्रश्न आणि पाप कोणावर झाले हा दुसरा. ख्रिस्ती धर्मशास्त्राने पहिल्या प्रश्नावर ग्रंथांचे ढीग रचले. दुसऱ्याकडे त्याचे लक्ष फार उशिरा गेले. महाराष्ट्रातील अस्पृश्यांपैकी जे लोक गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ख्रिस्ती झाले, त्यांच्या वाट्याला पहिल्या प्रश्नाची तयार उत्तरे आली आणि दुसरा प्रश्न विचारण्याची मुभा मात्र आली नाही. ख्रिस्ती दलितांच्या आजच्या कोंडीचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे, असे मला वाटते. परदेशी पैसा, मिशनऱ्यांचे हेतू, धर्मांतराचे आमिष या ठरीव चर्चेत हे मूळ झाकले जाते. म्हणून ती चर्चा मी येथे बाजूला ठेवतो.

बाबासाहेबांनी हा प्रश्न नेमका हेरला होता. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात तो १९८९ मध्ये वाचकांसमोर आला. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य आपल्यावरील अन्यायाविरुद्ध का उठत नाही, हा त्यातील प्रश्न आहे. बाबासाहेब त्याची अनेक कारणे देतात, पण त्यांचा एक आक्षेप थेट धर्मशास्त्रावर आहे. माणसाचे पतन मूळ पापामुळे झाले, अशी ख्रिस्ती शिकवण. माणसाचे पतन प्रतिकूल परिस्थितीमुळे होते, असे समाजशास्त्र सांगते. पहिली शिकवण ज्याच्या मनात रुजली तो परिस्थिती बदलण्याच्या मागे लागत नाही, क्षमेच्या मागे लागतो. आणि म्हणून समाजशास्त्राच्या दृष्टीने ही शिकवण घातक आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथे मिशनऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. कर्मविपाकाचा सिद्धांत महाराला सांगत होता की, तू मागच्या जन्मी पाप केलेस म्हणून या जन्मी महारवाड्यात जन्मलास, आणि पाटील पुण्यवान म्हणून पाटलाच्या वाड्यात जन्मला. पाद्री सांगत होता की, तूही पापी, पाटीलही पापी, कुलकर्णीही पापी आणि मी स्वतःही पापी. पापाची ही समान वाटणी आज आपल्याला विनोदी वाटेल, पण ज्या समाजात पुण्याची मक्तेदारी जन्माने ठरत होती तेथे ती स्फोटक होती. भटाला पापी म्हणणारा धर्म गावात येतो, आणि तो महारवाड्यात बसून बोलतो, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही हिशेब अपुराच राहिला. सगळेच पापी ठरले की कोणी कोणाचे काय केले हे विचारण्याचे कारण उरत नाही. पाणवठ्यावरून हाकलणारा आणि हाकलला गेलेला दोघेही एकाच बाकावर बसून एकच पापांगीकार म्हणतात, तेव्हा त्या दोघांच्या मधला पाणवठा दिसेनासा होतो.

इतिहास थोडा तपशिलाने पाहू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. सिंथिया फॅरार यांच्या तेथील मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची उमेद आली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजाच्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला.

हा निबंध आपण दलित साहित्याचा पूर्वज म्हणून वाचतो. तो धर्मचिंतन म्हणूनही वाचला पाहिजे. मुक्ता देवाशी बोलते, पण स्वतःच्या पापाची कबुली देत नाही. ती देवासमोर फिर्याद मांडते. वाड्यांच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून पुरले जाई, पेशवाईत तालीमखान्यावरून जाणाऱ्याचे शीर उडवून त्याचा चेंडू केला जाई, हे ती नोंदवते. वेद ब्राह्मणांचे तर आम्ही धर्मरहित आहोत काय, आमचा धर्म कोणता ते तूच कळव, असे देवालाच विचारते. शाळकरी मुलीने येथे धर्मशास्त्राची मांडणी उलटी केली. पापी कोण हे ठरवण्यापूर्वी पीडित कोण हे तिने सांगितले. मिशनच्या पत्राने तिचा निबंध छापला, हे त्या पत्राचे ऋण आपण विसरू नये. पण मिशनच्या व्यासपीठावरून जे प्रवचन चाले त्यात या फिर्यादीचा सूर फारसा उतरला नाही. खंडोबा, मरीआई, मुरळी सोडणे, दारू, मृतमांस ही तेथील पापांची यादी होती. या सवयी सुटायलाच हव्या होत्या. बाबासाहेबांनीही १९२७ मध्ये महाडला मृतमांस सोडण्याची हाक दिली. फरक कशात आहे ते पाहावे. पाद्र्याच्या मुखी मृतमांस ही अशुद्धता होती. बाबासाहेबांच्या मुखी ती गुलामीची खूण होती, आणि म्हणून ढोरे ओढण्याची गावकी नाकारणे व महारवतनाची बेडी तोडणे हे ओघानेच आले. एकच कृती, पण पहिल्या वेळी तिचा शेवट बाप्तिस्म्याच्या पाण्यात होतो आणि दुसऱ्या वेळी चवदार तळ्याच्या पाण्यात.

जोतीराव मिशनऱ्यांचे विद्यार्थी होते आणि मित्रही. तरी त्यांनी ख्रिस्त कसा स्वीकारला पाहा. ‘गुलामगिरी’त (१८७३) ते येशूला दुसरा बळीराजा म्हणतात. मूळ पाप, प्रायश्चित्त, रक्ताने झालेली मुक्ती यांतले काही त्यांनी उचलले नाही. बळी हा न्यायी राजा होता, कपटाने पाताळात गाडला गेला, आणि त्याचे राज्य परत यावे अशी कुणबी-माळणीची दिवाळीतली इच्छा आहे. या रांगेत त्यांनी येशूला बसवले. मराठीत झालेली ही पहिली अस्सल देशी ख्रिस्तमीमांसा आहे, आणि ती बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाने केली. धर्मविद्यालयांतील अभ्यासक्रमांनी तिची दखल किती घेतली हे त्या विद्यालयांच्या शिक्षकांनीच सांगावे.

त्यांनी दखल घेतली ती दुसऱ्या परंपरेची. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी सच्चिदानंदात त्रैक्य शोधले. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. टिळकांच्या कवित्वाबद्दल आणि त्यांच्या माणुसकीबद्दल दुमत नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त आपल्या अंगातली सोवळ्याची सवय जाता जाता कशी जात नव्हती हे ज्या निर्भीडपणे लिहिले, तसे पुष्कळ सुधारकांना साधले नाही. पण तो पूल ब्राह्मण कवीचा होता. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून दुष्काळाच्या काळात जी महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली ती कोणत्या पुलावरून आली? त्यांच्या मागे चोखामेळा होता, देवळाच्या पायरीबाहेर उभा राहिलेला आणि मंगळवेढ्याचा कूस बांधताना त्याखाली गाडला गेलेला. चोख्याच्या पुलावरून चालत आलेल्याला भक्तीइतकाच दगडमातीचा हिशेब हवा असतो. मराठी ख्रिस्ती मंडळीने गाणी टिळकांची गायिली, आणि ती गोड आहेत. चोख्याची गाऱ्हाणी मात्र उपासनेत आली नाहीत.

ख्रिस्ती धर्मात जात नाही, हे वाक्य आपण पुष्कळ ऐकतो. दक्षिणेत १६०६ मध्ये मदुराईला आलेल्या रॉबर्ट डी नोबिलीने संन्याशाचा वेष घेऊन ब्राह्मणांसाठी वेगळी पद्धत घातली. १६२३ मध्ये पोपने जानवे-शेंडीला काही अटींवर परवानगी दिली. गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले आणि चर्चच्या कॉनफ्रारिया त्यांनुसार विभागल्या गेल्या. प्रॉटेस्टंटांपैकी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये जात तत्काळ आणि कायमची सोडावी असा हुकूम काढला, तेव्हा तंजावरकडील पुष्कळ उच्चजातीय ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. महाराष्ट्रात भिंती घातल्या गेल्या नाहीत. पण महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक किती गावांत झाली, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजून पाहावे.

यावर ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या आतून उत्तर आले ते १९८१ मध्ये, आणि ते एका मराठी माणसाकडून. अरविंद निर्मळ यांनी त्या वर्षी बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी केली. पुढे मद्रासच्या गुरुकुल लूथरन कॉलेजात दलित धर्मशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. १९९५ मध्ये ते वारले. भारतीय ख्रिस्ती चिंतन वेदान्ताच्या ओसरीवर बसलेले आहे, आणि लॅटिन अमेरिकेतून आणलेले मुक्तिचिंतन वर्ग पाहते पण जात पाहत नाही, हे त्यांचे दोन आक्षेप. बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस आपला बाप भटका अरामी होता असे म्हणत पीक देवापुढे ठेवतो. निर्मळ म्हणाले, माझ्या पूर्वजाला भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते. पावलांचे ठसे पुसण्यासाठी त्याच्या कमरेला फांदी आणि थुंकी पडू नये म्हणून गळ्यात मडके होते. मग ते येशूच्या वंशावळीतील तामार, राहाब ही नावे पुढे ठेवतात, मंदिरातील सावकारांना हुसकावण्याचा प्रसंग पुढे ठेवतात, आणि क्रुसावर देवानेही टाकलेला येशू हा दलित आहे असे सांगतात. मराठी बायबलात इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात येशूचे मरण ‘वेशीबाहेर’ झाले असा शब्द आहे. मराठी वाचकाला त्यावर भाष्याची गरज नाही. महारवाडा कोठे असतो हे त्याला ठाऊक आहे.

साधारण याच काळात कोरियातील सु नाम-दोंग यांनीही सांगितले होते की पाप हा सत्ताधाऱ्यांचा शब्द आहे. चिरडलेल्या जनतेचा शब्द ‘हान’, म्हणजे साचून राहिलेली व्यथा. मुक्ताचा निबंध त्यांना वाचायला मिळाला असता तर!

निर्मळांचे ऋण मान्य करूनही त्यांच्याशी एक भांडण आहे. देव हा सेवक आहे, सेवा हा त्याचा स्वभाव आहे, म्हणून पिढ्यान् पिढ्या सेवा करणाऱ्या दलिताला तो कळतो, असे ते मांडतात. झाडू टाकून दिलेल्या माणसाला हा देव पुन्हा झाडू हाती देतो की काय, अशी शंका येते. दुःखात ज्ञान आहे असे म्हणताना दुःखालाच पावित्र्य चिकटते. बुद्धाने दुःखाला कारण आहे आणि निरोध आहे असे सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी जो मार्ग घेतला त्यात कृपेला आणि क्षमेला जागा नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींबद्दल आदर व्यक्त केला होता. पुढे त्यांनी निवड केली ती या फरकावरून केली असावी, असे माझे अनुमान आहे.

राहिला राज्यसंस्थेचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही जातीची झळ तितक्याच तीव्रतेने पोचते हे दाखवावे लागेल. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात हा दर्जा धर्मापासून तोडावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर पुन्हा आयोग नेमला गेला. गंमत अशी की ख्रिस्तात जात नाही हे प्रवचन सरकारने तंतोतंत खरे मानले, आणि कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात मात्र चर्चमध्ये भेदभाव आहे हे लेखी मान्य केले. पाद्र्याचे प्रवचन सरकारकडे गेले आणि समाजशास्त्र बिशपांकडे आले.

या कायद्याने घराघरांत काय केले ते नैतिक प्रश्न म्हणून कोणी मांडत नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’, आणि मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचे नाव, अशी दोन नावांची कुटुंबे मराठवाड्यात आणि नगरकडे पुष्कळ आहेत. मुलगा शिष्यवृत्तीसाठी एक नाव लिहितो, रविवारी दुसऱ्या नावाने हाक मारली की उभा राहतो. नोकरी लागली की चर्चला उघडपणे जाणे कमी होते, आणि लग्नपत्रिकेवर क्रूस छापावा की नाही यावर घरात वाद होतो. पाळक अशांना खोटेपणाचा दोष देतात, हिंदुत्ववादी फसवणुकीचा, आणि आपल्यातलेही काही जण त्यांना दोन दरडींवर पाय ठेवणारे म्हणतात. तिघांनीही दोष त्या मुलाच्याच खात्यावर टाकला आहे. १९५० चा तो परिच्छेद लिहिणाऱ्यांचे, आणि त्या मुलाच्या आज्याला पाण्यापासून लांब ठेवणाऱ्या गावाचे खाते कोणत्या पापांगीकारात वाचले जाते, हे मी मराठी चर्चच्या उपासना-पुस्तकांत शोधले. त्यांत देवाविरुद्ध आणि शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापांचा उल्लेख आहे. शेजारी वेशीच्या आतला की बाहेरचा, हे तेथे लिहिलेले नाही.