‘कॅव्हिटेशन’ : युद्धनौकेपासून भटारखान्यापर्यंत

यंत्रविद्येतील पुष्कळशा संज्ञा ज्या क्षेत्रात जन्मतात त्याच क्षेत्रात राहत नाहीत. ‘कॅव्हिटेशन’ ही अशीच एक संज्ञा होय. तिचा उगम जहाजबांधणीत झाला. परंतु मोठ्या उपाहारगृहांतील भांडी धुण्याच्या यंत्राचा पंप अकाली का झिजतो, ह्याचे उत्तरही पुष्कळदा तिच्यातच सापडते.

१८९३ हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. जोसेफिन कॉक्रन ह्या अमेरिकन महिलेने त्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आपले भांडी धुण्याचे यंत्र मांडले. त्याचे एकस्व तिला डिसेंबर १८८६ मध्ये मिळाले होते. तारेच्या चौकटीत रचलेल्या भांड्यांवर पाण्याचा जोरदार मारा करणे, हे त्यातील मूलतत्त्व. त्याच वर्षी इंग्लंडात थॉर्निक्रॉफ्टच्या गोदीतून ‘डेअरिंग’ ही विनाशिका पाण्यात उतरली. पण चाचण्यांत तिला अपेक्षित वेग गाठता येईना. पंख्याच्या पात्यांवरील भार एका मर्यादेपलीकडे गेला की पाण्यात पोकळ्या पडतात, अशी मीमांसा थॉर्निक्रॉफ्ट आणि सिडनी बार्नबी ह्यांनी १८९५ मध्ये मांडली. पात्यांचे क्षेत्रफळ वाढविताच नौकेचा वेग वाढला होता.

ह्या घटनेला नाव सुचविले ते आर. ई. फ्रूड ह्यांनी. लॅटिन ‘कॅव्हुस’ म्हणजे पोकळ. कित्येक व्युत्पत्तिकार ह्या शब्दाचा संबंध, ‘फुगणे’ ह्या अर्थाचा संस्कृत ‘श्वि’ धातू आणि ‘शून्य’ हा शब्द ज्या मुळाकडे नेले जातात, त्याच मुळाशी जोडतात. फुगणे आणि रिते असणे हे दोन्ही अर्थ बुडबुड्यात एकत्र नांदतात.

अरुंद होत गेलेल्या नळीतून वेगाने जाणारे पाणी सामान्य तापमानालाही उकळू शकते, हे ऑस्बर्न रेनल्ड्झ ह्यांनी १८९४ मध्ये प्रयोगाने दाखविले. वेग वाढला की दाब उतरतो. तो बाष्पदाबाखाली गेला की बुडबुडे उत्पन्न होतात आणि पुढे दाब वाढताच मिटतात. मिटणाऱ्या पोकळीत किती प्रचंड दाब निर्माण होतो, हे लॉर्ड रॅले ह्यांनी १९१७ मध्ये गणिताने दाखविले. धातूवर पडणाऱ्या खळग्यांचा उलगडा त्यामुळे सुकर झाला.

‘टर्बिनिया’ नौकेच्या वेळी हीच अडचण आली, तेव्हा चार्ल्स पार्सन्स ह्यांनी दोन इंच व्यासाचा नमुना-पंखा जवळजवळ उकळत्या पाण्यात फिरवून पाहिला. कारण तापल्या पाण्यात पोकळी कमी वेगालाही पडते. पार्सन्स ह्यांना जी परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागली, ती भटारखान्यात नित्याचीच असते. पाण्याचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २.३ टक्के असतो. ७० अंशांना तो सुमारे ३१ टक्के होतो. म्हणजे दाब उतरण्यास जी मुभा होती, तिचा तीन-दशांशाच्या आसपास भाग उष्णताच खाऊन टाकते. आणि पाणी थंड ठेवण्याचा मार्गही मोकळा नाही. कारण चिकट स्निग्धांश सुटणे व रोगजंतूंचा नाश होणे, ही दोन्ही कार्ये उष्णतेवर पुष्कळ अंशी अवलंबून असतात.

म्हणून दोष ओळखण्यास महत्त्व येते. पंपातून खडी फिरत असल्यासारखा कडकड आवाज, फवाऱ्यांचा मंदावलेला जोर आणि इंपेलरवरील बारीक खळगे, ही त्याची लक्षणे होत. तथापि टाकीतील पातळी घटून भोवऱ्यावाटे हवा शिरली, किंवा फेस फार झाला, तरीही पंप कुरकुरतो. यंत्र थंड पाण्यावर चालवून आवाज बराच ओसरला, तर बाष्पाचा संशय बळावतो; तसाच राहिला, तर प्रथम हवेचा मार्ग शोधावा.

प्रतिबंध मुख्यतः शोषक बाजूस करावयाचा असतो. खरकट्याने तुंबणारी गाळणी वारंवार साफ करणे, पाण्याची पातळी राखणे, पंप टाकीच्या पातळीखाली बसविणे, शोषक नळी आखूड व रुंद ठेवणे, आणि प्रवाह कमी करावयाचा झाल्यास तो शोषक नव्हे तर निर्गम बाजूस आवळणे, हे त्याचे उपाय. बार्नबी ह्यांच्या काळी पात्यांवरील भार हलका करण्यात आला, येथे पाण्याची वाट मोकळी करावी लागते. परंतु दाब बाष्पदाबाखाली उतरू द्यावयाचा नाही, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.