बालकोपरा : थोड्या जागेत, थोड्या खर्चात

घरातील मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की त्याच्या शिकण्यासाठी काहीतरी सोय करावी, असे पालकांना वाटू लागते. या वाटण्याचा शेवट बहुधा फर्निचरच्या दुकानात होतो. कार्टूनची चित्रे चिकटवलेले, खुर्चीसकट जोडलेले मेज घरी येते. वर्षभरात मुलाचे गुडघे त्यात अडकू लागतात आणि मेजावर इस्त्रीचे कपडे साठतात. मूल मात्र पूर्वीप्रमाणेच स्वयंपाकघरात, आईच्या पायाशी, डब्यांना झाकणे लावत बसलेले असते. यात मुलाचे काही चुकत नाही. डबे त्याच्या हाताला येतात, खेळणी मात्र कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतात. मुलाच्या हाताला आणि डोळ्याला सहज पोहोचेल ती त्याची शिकण्याची जागा, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर दहा बाय बाराच्या खोलीतही बालकोपरा मांडता येतो.

हा विचार नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधील सॅन लॉरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांच्या मापाचे फर्निचर आणि उघडी, बुटकी कपाटे हाच त्यातील मोठा बदल होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंमधून साधने उभी केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 1957 नंतर हेच काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. जे अंगणात साधले, ते घरातील एका कोपऱ्यात साधायला हरकत नसावी.

प्रथम जागा निवडावी. 4 फूट लांब व 3 फूट रुंद एवढी जागा पुरते. ती स्वतंत्र खोलीत नसली तरी चालते. खरे तर नसलेलीच बरी. या वयाच्या मुलाला घरातील मोठी माणसे दिसत राहावी लागतात, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराजवळचा किंवा बैठकीच्या खोलीतला कोपरा अधिक वापरला जातो. दूरचित्रवाणी संचासमोरची जागा टाळावी. दिवसाचा उजेड मिळेल अशी खिडकी जवळ असावी आणि उजव्या हाताने रेघोट्या ओढणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूने प्रकाश यावा. डावखुऱ्या मुलासाठी याच्या उलट. विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेकडची भिंत उन्हाळ्यात दुपारनंतर तापते, तेथे कोपरा मांडू नये. खिडकीला गज नसतील तर तिच्याखाली चढता येईल असे काहीही ठेवू नये. चाळीच्या गॅलरीच्या कठड्यालाही हाच नियम लागू आहे.

जागेची सीमा मुलाला दिसली पाहिजे. त्यासाठी सतरंजी किंवा जुनी गोधडी उत्तम. ती धुता येते, गुंडाळून ठेवता येते आणि ती अंथरली की काम सुरू, हे मुलाला दोन दिवसांत कळते. घरात आजी-आजोबा दुपारी विश्रांती घेत असतील, तर ही गुंडाळण्याची सोय फार मोलाची ठरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काथ्याच्या चटईला बुरशी धरते, म्हणून तेथे सुती सतरंजीच बरी.

मेज-खुर्ची घ्यायचीच असेल तर माप पाहून घ्यावी. साडेतीन फुटांच्या आसपास उंची असलेल्या मुलासाठी खुर्चीची बैठक जमिनीपासून 10 इंच आणि मेज 18 इंच असावे. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले आणि कोपर काटकोनात वाकवल्यावर मेजाच्या पातळीला आले, की माप बरोबर. घरात जुना, भक्कम टीपॉय असेल तर सुताराकडून त्याचे पाय कापून घ्यावेत व तळाला रबरी बूट बसवावेत. पण आपल्या घरात याहून सोपा उपाय बहुधा आधीच असतो, तो म्हणजे चौरंग. मांडी घालून बसणाऱ्या मुलासाठी 8 ते 10 इंच उंचीचा चौरंग पुरेसा होतो. त्याची उंची अधिक असेल तर मुलाला बसायला पाट द्यावा. जागा अगदीच कमी असल्यास भिंतीला बिजागरीने जोडलेली, काम झाल्यावर उचलून बंद करता येणारी फळी लावतात. मात्र तिची कडी मोठ्यांच्या उंचीवर हवी, कारण अशा फळीत बोटे चेमटतात.

आता मांडणी. दारे असलेले कपाट नको. उघडी आणि बुटकी, म्हणजे सर्वांत वरचा कप्पा मुलाच्या खांद्याहून उंच नाही, अशी मांडणी हवी. अडीच फूट ही तिची कमाल उंची. फळबाजारात आंब्याच्या किंवा सफरचंदाच्या रिकाम्या लाकडी पेट्या मिळतात. दोन पेट्या आडव्या, एकीवर एक ठेवल्या की मांडणी तयार होते. परंतु ही पेटी कच्च्या लाकडाची असते. सगळे खिळे ठोकून बसवावेत, कुसे राहू नयेत म्हणून आधी जाड व नंतर बारीक पॉलिश पेपरने घासावे आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवावे. रंग द्यायचा असल्यास डब्यावर शिसेविरहित असल्याची नोंद पाहावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा अधिक नसावे, असा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. माळ्यावर पडून असलेला त्याआधीचा जुना डबा मात्र वापरू नये. पेट्या एकमेकींना स्क्रूने जोडून एल आकाराच्या पट्टीने भिंतीला पक्क्या बसवणे अत्यावश्यक आहे. मूल मांडणीवर चढणार, हे गृहीत धरूनच चालावे. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्याची परवानगी नसेल, तर उभी मांडणी करूच नये. दोन्ही पेट्या जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

या मांडणीवर एका वेळी सहा ते आठ वस्तू असाव्यात, अधिक नकोत. बाकीच्या पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवून दर पंधरा दिवसांनी बदलाव्यात. ट्रंकेतून परतलेली जुनी वस्तू मुलाला नवीच वाटते, आणि खेळण्यांवरचा अर्धा खर्च येथेच वाचतो. प्रत्येक वस्तू स्वतंत्र परडीत वा ताटलीत असावी. बुरुडाकडच्या छोट्या टोपल्या व सुपल्या यासाठी प्लास्टिकच्या खोक्यांहून स्वस्त आणि देखण्या असतात. वस्तू कोणत्या, याचे उत्तर घरातच आहे. निरनिराळ्या आकारांचे झाकणाचे डबे, जुन्या धातूच्या बांगड्या व त्या अडकवायला लाटणे, रंगांनुसार लावायची मोठी बटणे, एका वाटीतून दुसरीत चमच्याने घालायचा राजमा, ओतण्याच्या सरावासाठी छोटा तांब्या आणि पेला. लिहिण्याआधी हाताची बोटे तयार व्हावी लागतात, आणि ती अशाच कामांतून होतात. तीन वर्षांच्या मुलापुढे मुळाक्षरांची वही ठेवण्याची घाई पालकांनी करू नये. शालेय शिक्षणाच्या 2020 च्या राष्ट्रीय धोरणानेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

घरातील वस्तू वापरताना जपावे मात्र लागते. सव्वा इंचाहून लहान वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. चिंचोके, राजमा, शेंगदाणे नाकात वा श्वासनलिकेत जातात. तीन वर्षांनंतरही ही कामे मोठ्यांच्या नजरेखालीच व्हावीत. बिया गोळा करण्याच्या हौसेत गुंजा कधीही आणू नयेत. लालबुंद, काळ्या ठिपक्याची ही बी अत्यंत विषारी आहे. फुटलेली वा चावलेली एखादी बीसुद्धा जिवावर बेतू शकते. एरंड, धोत्रा आणि कण्हेर यांच्या बियाही याच यादीत येतात. रिमोटमधील किंवा वाजणाऱ्या खेळण्यातील नाण्यासारखा चपटा सेल गिळला गेल्यास तो अन्ननलिका काही तासांत जाळतो, तेव्हा घरगुती उपचारांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. विकतचे खेळणे घेताना त्यावर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी ते 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे.

भिंतीचा जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचा भाग मुलाचा समजावा. फळ्याचा काळा रंग मिळतो, तो प्लायच्या तुकड्यावर दोन हात देऊन तो तुकडा मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावला की रेघोट्यांची सोय झाली. साधा काळा ऑइल पेंट चालत नाही, त्यावर खडू घसरतो. शहाबादी फरशीचे घर असेल तर हा खर्चही नको. फरशीवर खडूने काढावे, ओल्या फडक्याने पुसावे, आणि हे पुसण्याचे कामही मुलाकडेच द्यावे. पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय पुष्कळ मुलांना असते. ती सुटत नसेल तर रागावण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे, कारण तिच्यामागे लोहाची कमतरता असू शकते. चित्रांसाठी पाठकोरे कागद, चिकटवण्यासाठी घरी शिजवलेली कणकेची खळ आणि चित्रे टांगायला दोरी व कपड्यांचे चिमटे पुरतात.

पुस्तके कपाटात उभी रचू नयेत. ज्याला अक्षर येत नाही त्याला पुस्तकाचा कणा काय सांगणार? मुखपृष्ठ दिसले पाहिजे. पडद्यांसाठी मिळणारी स्प्रिंग दोन हुकांमध्ये ताणून बसवावी आणि तिच्यामागे पाच-सहा पुस्तके पुढील बाजू दिसेल अशी उभी करावीत. खाली आधाराला अरुंद पट्टी हवी. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके अल्प किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर, ते 2015 मध्ये सुरू झाल्यापासून, मराठी गोष्टी विनामूल्य वाचता व छापता येतात.

प्लाय, पट्ट्या, रंग, टोपल्या आणि पेट्या हे सारे सामान, सुताराची मजुरी वगळता, साधारण दोन हजार रुपयांत बसावे. सर्वच एकदम आणण्याचीही गरज नाही. सतरंजी, चौरंग आणि तीन परड्या एवढ्यावर पहिला महिना सहज निघतो, आणि त्या महिन्यात मूल कशाकडे वळते ते पाहून पुढची खरेदी ठरवता येते. चौरंग घरात एकच असेल, तर भाद्रपदात गणपतीसाठी तो लागणार, हे मात्र मुलाला आठवडाभर आधी सांगून ठेवावे.