विमानातील हायड्रॉलिक यंत्रणा : ऊर्जाबचत

विमानाचे सुकाणू, पंखांवरील फ्लॅप, चाके आणि ब्रेक यांना हालविणारे बळ दाबाखालील द्रवाच्या द्वारे पोहोचविणारी यंत्रणा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच संक्रमित होतो, हा पास्कालचा नियम तिचा आधार होय. चाके आत ओढून घेण्याचे काम क्षणभराचे असले, तरी वैमानिकाचा हुकूम होताच बळ हजर असावे म्हणून दाब मात्र प्रवासभर सिद्ध ठेवावा लागतो. या विसंगतीतूनच तिच्यातील ऊर्जाबचतीचा प्रश्न उद्भवतो.

ऊर्जेचा ऱ्हास : पंपातील घर्षण, झडपांमधून आतल्या आत होणारी गळती आणि भार हलका असताना झडपेच्या अरुंद वाटेत वाया जाणारा दाब यांची अखेर उष्णतेत होते, आणि ती उष्णता काढून टाकण्यासाठी पुन्हा शीतकाची तरतूद करावी लागते.

उपाय : खर्च होणारी शक्ती दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी असल्याने, मागणी नसताना प्रवाह आटोपता घेणे हा पहिला उपाय. अक्षीय दट्ट्यांच्या पंपात ठरावीक दाब गाठला जाताच कलत्या तबकडीचा कल कमी होतो, दट्ट्यांची धाव आखडते आणि गळती भरून काढण्यापुरताच द्रव पुढे जातो.

दुसरा उपाय वजन घटविण्याचा. प्रवासी विमानांत दर चौरस इंचास ३००० पौंड दाब दीर्घकाळ रूढ होता. कॉंकर्डमध्ये तो ४००० आणि २००५ साली प्रथम उडालेल्या एअरबस ए३८० मध्ये ५००० पौंड ठेवण्यात आला. दाब ३००० वरून ५००० झाल्यास तेवढ्याच बळासाठी दट्ट्याचे क्षेत्रफळ तीन-पंचमांश पुरते, त्यामुळे नळ्या व द्रव यांचा भार हलका होऊन इंधन वाचते; मात्र वाढत्या दाबाबरोबर गळतीही वाढू पाहते, म्हणून झडपांची घडण अधिक काटेकोर करावी लागते.

तिसऱ्या उपायात दट्ट्याजवळच विजेची मोटर, छोटा पंप व द्रवाचा स्वतंत्र साठा बसवितात. हालचाल हवी तेव्हाच मोटर वेगाने फिरते, आणि लांब नळ्यांची गरज सरते.

मर्यादा : १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतील एंजिनाचा पंखा फुटून तिन्ही हायड्रॉलिक शाखा निकामी झाल्या आणि ते सू सिटी येथे कोसळले. म्हणून शाखांची संख्या केवळ काटकसरीसाठी घटविणे इष्ट नव्हे. ए३८० मध्ये दोन हायड्रॉलिक शाखांच्या जोडीला दोन विद्युत्‌ शाखा दिल्याने वजनही घटले आणि एका कारणाने सर्वच शाखा गमावण्याचा धोकाही कमी झाला. बचत व सुरक्षितता यांचा असा मेळ हीच या क्षेत्रातील सुधारणेची खरी कसोटी होय.