पुण्यातील शास्त्रशिक्षण आणि आपल्या मुली

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा काही तरी लिहून द्यावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. विषयही त्यांनीच सुचविला : आपल्या शहरात शास्त्राचे व तंत्रविद्येचे शिक्षण मुलामुलींपर्यंत कसे पोचले? मी इतिहाससंशोधक नव्हे, आणि शास्त्राची पदवीही माझ्यापाशी नाही. तरी हे काम मी अंगावर घेतले, त्याला कारण आहे. मंडळ दरवर्षी दोन गरजू मुलींना शिलाईची यंत्रे देते. यंदा ती रक्कम दहावीनंतर शास्त्रशाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या फीसाठी खर्च करावी, अशी सूचना आली आणि सभेत दोन तट पडले. निर्णय पुढील सभेवर गेला आहे. तत्पूर्वी भगिनींनी हा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या शहरात दोन वाटा जवळजवळ एकाच वेळी निघाल्या. १८४८ साली जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढे अवघ्या सहा वर्षांनी, १८५४ साली, सरकारने पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यांत्रिक शाळा सुरू केली. आदल्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. रस्ते, पूल, कालवे, इमारती यांची कामे जोरात निघाली होती आणि त्यांवर देखरेख करणारी माणसे सरकारला हवी होती. ती तयार करण्यासाठी हा वर्ग होता. १८६६ साली तो मुंबई विद्यापीठाला जोडला गेला, आणि त्यातूनच संगमाजवळचे आपले इंजिनिअरिंग कॉलेज वाढले. २०२२ पासून ते स्वतंत्र विद्यापीठ आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली येथूनच परीक्षा उतरले, आणि पुढे खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप उघडमिट होणारे दरवाजे बसविले.

म्हणजे मुलींची शाळा आधी आणि तंत्रविद्येची शाळा नंतर. दोहोंमधले अंतर तर पेठेतून संगमापर्यंत चालत जाण्याइतके. असे असता या दोन वाटा एकमेकींना कधी मिळाल्या? हिशेब करून मी स्वतःच चकित झाले. तो हिशेब पुढे येईलच.

वाटा दूर राहिल्या त्या काही चुकून नव्हे. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींनी मुलींचे हायस्कूल काढले, तेच आपले हुजूरपागा. तेथे मुलींना इंग्रजी, गणित आणि शास्त्रविषय शिकवितात यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून कडक टीका झाली. मुलींचे शिक्षण घरसंसाराला उपयोगी पडावे, असा टीकाकारांचा रोख होता. त्याच सुमारास आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यातच क्षयाने वारल्या. त्यांच्या कर्तृत्वाचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्यांच्यामागून जाण्यासाठी मुलींना रस्ता कोणी बांधून दिला नाही. पुढे रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. शास्त्राच्या घरात आपल्या आज्या-पणज्या शिरल्या त्या अशा शुश्रूषेच्या दाराने.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे उदाहरण तर फार विचार करण्याजोगे आहे. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते, आणि त्यांचा विषय होता गणित. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्यास नेला, आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले. तेथे मातृभाषेचे माध्यम ठेविले, ही मोठीच दूरदृष्टी. परंतु त्या अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले ते गृहशास्त्राला व आरोग्यशास्त्राला. यात अण्णासाहेबांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. विधवेने घराबाहेर पाऊल टाकणे हेच ज्या काळी बंड होते, त्या काळात त्यांनी हे केले. तरी गणिताच्या प्राध्यापकानेसुद्धा आपला विषय मुलींच्या अभ्यासाच्या मध्यभागी ठेवू नये, यावरून त्या काळाचे वजन कळते.

हे वजन माझ्या पिढीपर्यंत टिकले होते. १९६० नंतरची गोष्ट. मी आठवीत गेले तेव्हा शाळेत मला विचारण्यात आले, गणित घेतेस की गृहशास्त्र? शाळा चांगली होती, बाई मायाळू होत्या, आणि त्यांनी माझ्या भल्यासाठीच गृहशास्त्र लिहून टाकले. घरीही कोणी हरकत घेतली नाही. मी पुरणपोळीत मैद्याचे प्रमाण किती हे शिकले, पण कुकरची शिटी का होते हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी मुलाच्या पुस्तकात वाचून समजले.

मी गृहशास्त्र घेतले त्याच्या आधी कितीतरी वर्षे आपल्याच शहरात एक बाई शास्त्राची उपकरणे घडवीत होत्या, हेही मला फार उशिरा कळले. शिवाजीनगरची वेधशाळा आपण सर्वजणी जाणतो. हवामानखात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली, म्हणून तेथल्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. त्या खात्यात १९४८ साली अ‍ॅना मणी नावाच्या त्रावणकोरकडच्या शास्त्रज्ञ बाई रुजू झाल्या. पाऊस, वारा, ऊन मोजण्याची उपकरणे तेव्हा परदेशांतून येत. ती येथेच तयार व्हावीत म्हणून त्यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे पक्के करून दिले. १९५३ साली त्या विभागाच्या प्रमुख झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते, असे त्यांच्या चरित्रात येते. रोजच्या पावसाचे आकडे आम्ही वर्तमानपत्रांत वाचीत होतो, पण ते मोजणाऱ्या उपकरणांमागे एका बाईची बुद्धी आहे हे आम्हा मुलींना कोणी सांगितले नाही. ते कळले असते तर मी बाईंना निराळे उत्तर दिले असते की काय, कोण जाणे.

मग सर्वसामान्य घरातल्या मुलांपर्यंत शास्त्र पोचविले कोणी? मोठ्या प्रयोगशाळांचे काम थोर आहे. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालच्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली, आणि पुण्याला शास्त्रनगरीचे रूप आले. परंतु इमारतीच्या भिंतीपलीकडच्या मुलाकडे जायचे तर त्याची भाषा बोलावी लागते. ज्या वर्षी वेधशाळा आली त्याच १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे शास्त्रविषयाला वाहिलेले मराठी मासिक निघाले. प्रा. गोपाळ रामचंद्र परांजपे यांच्यासारखे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक त्यासाठी झिजले. १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी माणसांनी एकत्र येऊन दुर्बिणीतून मुलांना शनीची कडी आणि चंद्रावरचे खळगे दाखवायचे, असे तिचे काम. आकाशदर्शनाला ना फी लागते ना इंग्रजी. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद निघाली आणि तिच्या शाखा गावोगाव पसरल्या.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो माझ्या मते या सर्वांतला सर्वांत धीट प्रयोग. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून ते आपल्या पत्नीसह त्या कोरडवाहू गावी राहावयास गेले. शाळेत नापास झालेल्या मुलाला शास्त्र येत नाही असे नव्हे, त्याला ते हातांनी शिकवावे लागते, असे त्यांचे म्हणणे. आश्रमाने शाळांसाठी जो अभ्यासक्रम बसविला त्यात यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि घर व आरोग्य असे चार भाग ठेविले. चारही भाग मुलामुलींनी सारखेच करावयाचे. म्हणजे मुलगी लोखंडाला वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाक करून त्यातला कस मोजतो. गृहशास्त्र की गणित, हा माझ्या आठवीतला प्रश्न त्यांनी मुळातूनच काढून टाकला.

आता तो हिशेब. १९६७ साली लीला पूनावाला या संगमाजवळच्या कॉलेजातून यंत्रशाखेची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या शाखेतल्या तेथल्या पहिल्या मुलगी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १८५४ पासून मोजले तर मध्ये ११३ वर्षे गेली. पुढे त्या एका मोठ्या कारखान्याच्या प्रमुख झाल्या आणि गरजू मुलींच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. आणि १९९१ साली अण्णासाहेबांच्याच संस्थेने, त्याच हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, कमिन्स उद्योगाच्या साहाय्याने खास मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज काढले. भिड्यांच्या वाड्यापासून कर्वेनगर ही काही कोसांची वाट. ती चालावयास आपल्या मुलींना १४३ वर्षे लागली.

येथे कोणी म्हणेल, आता तर सारे झाले, मग काळजी कसली? काळजी आहे ती घरातली. माझ्याच घरातली गोष्ट सांगते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला वीस एक, वीस दोन असे वाचन आले. त्यावर केवढा गदारोळ झाला! विधानसभेत चर्चा झाली, वर्तमानपत्रांतून चेष्टा झाली, आणि आपल्या मंडळाच्या मंगळागौरीतही आपण पोट धरून हसलो. हसणाऱ्यांत मी पुढे होते. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांनी लग्नानंतर, मुली सांभाळून, १९८१ साली गणितात डॉक्टरेट मिळविली होती आणि मुलांसाठी मराठीत गणिताची पुस्तके लिहिली होती. जुने शब्द त्यांनी काढले नव्हतेच, नवे जोडीला दिले होते. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून, पण लिहिताना दशक आधी येतो. शिवाय शब्दांत जोडाक्षरे. लहान मूल त्यात गोंधळते आणि गणिताला भिऊ लागते, असे त्या शांतपणे सांगत राहिल्या. कानडीत व इतर दक्षिणी भाषांत दशक आधी बोलतात, हेही त्यांनी दाखविले.

माझी नात तेव्हा दुसरीत होती. ती म्हणाली, “आजी, पन्नास सात म्हटलं की मला लिहिता येतं गं. सत्तावन्न म्हटलं की मी पंचाहत्तरच लिहिते.” मी गप्प बसले. त्या आधी आठ दिवस मी तिच्यासमोरच म्हटले होते, “जाऊ दे, मलाही गणित येत नव्हतं, आमच्या घराण्यातच नाही ते.” एका वाक्यात मी तिच्या वाटेवर केवढा धोंडा ठेवला होता! २०२३ च्या जुलैत मंगलाबाई गेल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात डॉ. जयंत नारळीकरही गेले. जयंतराव मुलांना स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल, असे सांगत. त्यांनी उभारलेल्या विद्यापीठ आवारातल्या ‘आयुका’ संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने होऊ लागली. तेथेच पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्वट्यूब यांतून खेळणी करून मुलांना भूमिती शिकविली. हे सामान कोणत्याही घरात मिळते.

या इतिहासातून मी एवढेच शिकले. सरकारने व दानशूरांनी कॉलेजे बांधली. पण मुलगी तेथवर पोचते ती तिच्या प्रश्नाला घरच्या माणसांनी हसले नाही तर. कॉलेज निघाले की दार उघडले असे आपण मानतो, आणि घरातले दार आपणच लोटून घेतो.

म्हणून पुढील सभेत माझे मत फीच्या बाजूने पडेल. तरी शिलाईयंत्राच्या बाजूच्या भगिनींचेही एक म्हणणे मला पटते : यंत्राने मुलीच्या हाती लगेच चार पैसे येतात, आणि त्या पैशांवर तिचे घर चालते. तेव्हा रक्कम कमी पडली तर एक यंत्र आणि एका मुलीची फी, असे करावे. मात्र ते एक यंत्र देताना यापुढे एक गोष्ट आपण अवश्य करू या. आजवर आपण मुलींना त्यावर शिवावयास शिकविले, आणि ते बिघडले की दुरुस्तीला पेठेतला माणूस बोलाविला. इतक्या वर्षांत एकाही मुलीला यंत्राचे झाकण उघडून आतला दांडा, बॉबीन आणि शटल कसे चालते हे आपण दाखविले नाही. मलाही ते ठाऊक नाही. पण नात आता मोठी झाली आहे, ती म्हणते, “आजी, उघडून बघू या.” येत्या रविवारी आम्ही दोघी मंडळाच्या कचेरीतले जुने यंत्र उघडणार आहोत. ज्या भगिनींना यावयाचे असेल त्यांनी येताना एक पेचकस घेऊन यावे.