चढताना हलका, उतरताना घट्ट

आमच्या हदगाव तालुक्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात माणूस पहिलं काम करतो ते चप्पल काढून हातात घ्यायचं. चार पावलांत तळव्याला एवढा चिखल चिकटतो की पाय उचलणं हीच मजुरी होऊन बसते. (चप्पल हातात घेण्याला दुसराही इतिहास आहे. सवर्ण वस्तीतून जाताना दलितांनी पायात काही घालायचं नाही, ही सक्ती मराठवाड्यानं पाहिलेली आहे. जनावराचं कातडं कमावणारे आणि त्याचे जोडे शिवणारे हात मात्र त्यांचेच होते.) पायातलं वजन पाठीवरच्या वजनाहून महाग पडतं, हे शेतमजुराला सांगावं लागत नाही. अभ्यासकांनी ते प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा चार ते सहा पट जास्त शक्ती लागते असं निघालं.

मग चढाला हलकं पायताण घ्यावं, विषय संपला. पण माहूरच्या गडावरून उतरून बघा. वर जाताना जी चप्पल फुलासारखी वाटली, तीच उतरताना पुढे सरकते, अंगठा बाहेर येतो आणि गुडघे बोलायला लागतात. चढाला पायताण मोकळं हवं, उताराला पाय धरून ठेवणारं हवं. या भांडणात जगात सर्वांत जास्त डोकं लढवलं गेलं ते बर्फाच्या देशात, स्की टूरिंगच्या बुटांवर. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बर्फ फक्त गोळ्यात दिसतो. तरीही मला ही गोष्ट आपली वाटते.

स्की टूरिंगमध्ये डोंगर चढवणारा पाळणा नसतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची. केस मागच्या दिशेला झुकलेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. पूर्वी त्यासाठी सीलचं कातडं वापरत, आता मोहेर किंवा नायलॉन. माथ्यावर पट्टी सोलून खिशात टाकायची, बूट आवळायचा आणि खाली झेपावायचं. म्हणजे चढताना घोटा मोकळा हवा आणि उतरताना तोच घोटा जखडलेला हवा. दोन्ही कामांना बूट एकच.

हलकेपणाची किंमत काय असते, ते १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये दिसलं. पुंता रासिका नावाच्या सुळक्यावर एक तुकडी गेली होती. त्या काळी पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट घालून चालायचं, आणि कातळ सुरू झाला की ते खाली ठेवून मऊ तळव्याचे हलके जोडे चढवायचे, अशी रीत होती. कातळावर ते जोडे उत्तमच. पण वर वादळानं गाठलं, कातळावर बर्फ साचला आणि त्या जोड्यांत ना पकड राहिली ना ऊब. सहा जण गेले. तुकडीतला विताले ब्रामानी वाचला. हे मित्र पायातल्या वस्तूमुळे गेले, हे त्याच्या डोक्यातून जाईना. पिरेली या टायर कंपनीच्या मदतीनं त्यानं खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला. १९३७ साली तो बाजारात आला, नाव व्हिब्राम: त्याच्याच नावाआडनावाची जोडणी. १९५४ साली केटू शिखर पहिल्यांदा सर झालं, तेव्हा इटालियन गिर्यारोहकांच्या बुटांना हाच तळवा होता. आज ट्रेकिंगच्या साध्या बुटाखालीही दिसणाऱ्या ठसठशीत खाचांमागे हा अपघात आहे.

तळव्याचा प्रश्न सुटला, वजनाचा नाही. १९६० च्या दशकात कातड्याच्या जागी प्लास्टिकचे स्की बूट आले. उतारावर ते भक्कम, पण चढाला म्हणजे पायात सिमेंट. उत्तर शोधलं ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलनं. जड सामान वाहून तो कंटाळला होता. १९८० च्या दशकात त्यानं बूट आणि स्की यांचा जोड दोन बारीक खुंट्यांवर आणला. बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंनी खळगे, त्यात खुंट्या बसतात. टाच हवी तेव्हा मोकळी. डायनाफिट कंपनीनं ते उचललं आणि मग बूटही बारीक होत गेले. आता शर्यतीचा एक बूट अर्धा-पाऊण किलोचा असतो. मागे एक खटका: उघडला की पोटरीचा भाग पुढेमागे झुलतो, लावला की बूट घट्ट. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा चढउताराचा खेळ पहिल्यांदाच आला.

तरी भांडण मिटलेलं नाही. अतिहलका बूट चढाला स्वर्ग, पण कडक, खडबडीत बर्फावर वेगानं उतरताना तो पायाखाली थरथरतो. म्हणून असा बूट जोखताना जाणकार फक्त वजनकाटा बघत नाहीत. खटका उघडल्यावर घोटा किती झुलतो, लावल्यावर पुढे रेलल्यास बूट एकदम मोडतो की हळूहळू दाब घेतो, टाच आत उचलली जाते का, हे बघतात. माझं मत विचाराल तर शर्यतीत नसलेल्या माणसानं थोडे ग्रॅम जास्त घ्यावेत. चढताना दमलेला माणूस बसू तरी शकतो.

आपल्या सह्याद्रीतही हेच झालंय. जुन्या ट्रेकर मंडळींचे कापडी हंटर शूज हलके, स्वस्त आणि लवकर वाळणारे. मग अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज आले. कातळटप्प्यावर कोण सरस यावर अजून वाद होतात, पण खरी परीक्षा उतरताना, वाळक्या गवताच्या आणि मुरमाच्या घसाऱ्यावर होते.

तेव्हा बूट घ्यायला नांदेडला गेलात तर संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. घालायचे तेच मोजे सोबत न्या. आणि दुकानात सपाट फरशीवर दोन फेऱ्या मारून पैसे देऊ नका. दाराबाहेर उतरती फळी असेल, जिना असेल, तिथे तोंड खाली करून उतरा आणि अंगठा पुढे आपटतो का ते बघा.