कुंपणच शेत खाते तेव्हा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या गावांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे चारच दिवसांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला नवे इंजेक्शन टोचण्यात आले. आठवडाभरातच ती बाजारात खरेदीला हिंडली! लोहाऱ्याला ह्या दुसऱ्या सुटकेची वार्ता कोण देणार?

आमवात आपल्याला नवा नव्हे. माधवकराने 'माधवनिदाना'त त्याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. आजचे वैद्यक मात्र सांगते, की ह्या सांधेदुखीत रोगाशी लढणारी शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. ती का उलटते, हे अजून पुरते उमगलेले नाही.

मेयोच्या डॉ. फिलिप हेंच यांना धागा सापडला तो १९२९ साली. कावीळ झालेल्या एका रोग्याचे सांधे दुखायचे थांबले होते. गरोदर स्त्रियांतही तेच दिसले. तेव्हा आराम देणारे द्रव्य शरीरच निर्माण करीत असले पाहिजे, असे त्यांनी ताडले. केंडॉल यांनी मूत्रपिंडावरील ग्रंथीतून वेगळे काढलेले कॉर्टिझोन ते हेच काम करू लागले. १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषध थांबताच दुखणे परते, चालू ठेवावे तर चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत.

ह्या गाजावाजात एक गोष्ट झाकली गेली. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत अमिनोप्टेरिन तयार झाले होते. ते स्वतः ऑगस्ट १९४८ मध्येच वारले. १९५१ साली डॉ. गबनर यांनी ते आमवातावर वापरले आणि गुण आला. तरीही त्याच्याच भावंडाला, मेथोट्रेक्सेटला, ह्या रोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला १९८८ साल उजाडले. माझ्या मते खरे श्रेय ह्या मुकाट औषधाचे.

लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये त्या फौजेचा नेमका एक निरोप्याच अडवला. उपाय अचूक, पण महाग. म्हणून खेड्यातल्या रोग्याचा आधार आजही बहुधा मेथोट्रेक्सेटच. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. गावच्या आठवडी बाजाराचा वार तिच्यासाठी धरावा आणि डॉक्टरांकडून तो चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा.